हेलिकॉप्टरची सावली: 'द शायनिंग'ची खरी चौकट कोणती?

'द शायनिंग' या भयपटाची सुरुवात डोंगरातून होते. कॅमेरा तळ्यावरून सरकत येतो, मग कड्याच्या रस्त्यावर मुंगीएवढी पिवळी गाडी दिसते आणि निळसर अक्षरांतली श्रेयनामावली खालून वर जाऊ लागते. १९९९ साली निघालेल्या डीव्हीडीवर हा भाग नीट पाहिला, तर एका क्षणी उजव्या खालच्या कोपऱ्यात झाडांवरून काहीतरी काळं धावत जातं. ती हेलिकॉप्टरची सावली आहे, ज्यातून हे चित्रण चाललं होतं त्याच हेलिकॉप्टरची. पापणी लवली तर निसटेल एवढाच तो प्रकार.

एकेका दृश्याचे डझनावारी टेक घेणारा दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक ही सावली तशीच राहू देईल का? या एका प्रश्नावरून भयपटांचे चाहते वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. वाद वरवर सावलीचा दिसतो, पण आत तो चौकटीचा आहे: चित्रपटाचा पडदा किती रुंद आणि किती उंच धरायचा. 'द शायनिंग' घरी पाहण्यासाठी निरनिराळ्या काळात निरनिराळ्या आकारात विकला गेला आणि दरवेळी हाच आकार बरोबर असं समजून लोकांनी तो पाहिला. म्हणून हे एकच प्रकरण मुळापासून तपासायचं ठरवलं.

निगेटिव्हवर काय आहे

१९८० साली आलेला हा चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर, साध्या लेन्सनं चित्रित झाला. छायालेखक होते जॉन अल्कॉट. अशा चित्रणात फिल्मच्या एका घरात जवळजवळ चौकोनी प्रतिमा उमटते. उंची १ धरली तर रुंदी साधारण १.३३ ते १.३७. ही मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळापासून चालत आलेली चौकट. १९५३ च्या सुमाराला टीव्हीशी टक्कर देण्यासाठी स्टुडिओंनी रुंद पडदा आणला, तेव्हा सगळ्यांनी नवे कॅमेरे घेतले नाहीत. सोपी युक्ती निघाली. प्रोजेक्टरमध्ये फिल्मसमोर एक धातूची पट्टी असते, तिच्यातल्या चौकोनी भोकातून प्रकाश पडद्यावर जातो. ते भोक वरून-खालून बुटकं केलं की प्रतिमा रुंद दिसते. याला मॅट म्हणतात. अमेरिकेत ही चौकट १.८५ वर स्थिरावली, युरोपात बऱ्याच ठिकाणी १.६६ चालायची.

या युक्तीत डावी-उजवी बाजू कुठेच कमी होत नाही. जातं ते फक्त वरचं आणि खालचं. १.३३ च्या चौकटीतून १.८५ काढली तर उंचीतला २८ टक्के भाग झाकला जातो. हे आकडे वाचून डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मी स्वतः करून पाहिलं. मॉनिटरवर जुन्या डीव्हीडीचं चित्र ४० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच येईल असं लावलं. १.८५ साठी उंची हवी २१.६ सेंटीमीटर. म्हणजे वर ४.२ आणि खाली ४.२ सेंटीमीटरच्या काळ्या कार्डशीटच्या दोन पट्ट्या. त्या चिकटवल्या आणि सुरुवातीचं दृश्य पुन्हा लावलं. कोपऱ्यातल्या सावलीचा जवळजवळ सगळा भाग खालच्या पट्टीमागे गेला. माहीत नसलेल्या माणसाला ती शोधूनही सापडली नसती.

पट्ट्यांनी वादाचा निकाल लागत नाही हे मला मान्य आहे. सावली झाकली गेली यावरून एवढंच कळतं, की थिएटरातल्या चौकटीत ती अडचण नव्हती. दिग्दर्शकाला कोणती चौकट हवी होती हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

पूर्ण चौकटीची बाजू

ही बाजू कच्ची नाही आणि तिला उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९९९ च्या डीव्हीडीवर आणि २००१ साली नव्यानं काढलेल्या प्रतीवरही 'द शायनिंग' पूर्ण चौकोनी आकारात आहे. प्रतिमा कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर आहे त्या पूर्ण प्रमाणात आणि कुब्रिकच्या इच्छेनुसार आहे, असं त्या डीव्हीडीवर सांगितलेलं होतं. कुब्रिकचे दीर्घकाळचे सहायक लिऑन व्हिटाली यांनीही त्या काळात हेच सांगितलं, की घरच्या टीव्हीवर आपला चित्रपट काळ्या पट्ट्यांशिवाय, पूर्ण पडदाभर दिसावा असं कुब्रिकला वाटायचं. 'फुल मेटल जॅकेट' आणि 'आइज वाइड शट' हेही डीव्हीडीवर आधी याच आकारात आले. म्हणजे हा एका कारकुनाचा निष्काळजीपणा नव्हता, धोरण होतं.

शिवाय चित्रातही त्यांच्या बाजूनं बोलणारं बरंच आहे. ओव्हरलुक हॉटेलचा तो मोठा दिवाणखाना घ्या, जिथे हॉटेलचा हिवाळ्यातला राखणदार जॅक टंकलेखन यंत्रासमोर बसतो. पूर्ण चौकटीत वर जास्त छत दिसतं, खाली जास्त जमीन दिसते आणि माणूस त्या अवाढव्य जागेत हरवल्यासारखा वाटतो. त्याचा लहान मुलगा डॅनी तीनचाकी चालवत जातो तेव्हा कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे असतो. चाकांचा आवाज लाकडी जमिनीवर खडखडतो, गालिच्यावर एकदम दबतो, पुन्हा खडखडतो. पूर्ण चौकटीत गालिचा अगदी पुढ्यापर्यंत येतो आणि आपल्या पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. हा अनुभव खरा आहे. ज्यांनी लहानपणी कॅसेटवर हा चित्रपट पाहिला, त्यांच्या भीतीचा आकारच हा आहे. त्यांना 'तुम्ही चुकीचं पाहिलंत' असं सांगणं मला तरी जमणार नाही.

तरीही प्रश्न उरतो. टीव्हीवर पट्ट्या नकोत, ही इच्छा म्हणजे चित्रपटाची चौकट १.३३ आहे असा दावा होतो का?

स्टोरीबोर्डवरची ओळ

कुब्रिकच्या संग्रहातली कागदपत्रं २००५ साली पुस्तकरूपात छापली गेली. त्यात 'द शायनिंग'च्या एका स्टोरीबोर्डवर, म्हणजे चित्रणाआधी दृश्यं रेखाटलेल्या कागदावर, एक सूचना आहे. आशय असा: चौकट नेमकी १.८५ आहे, रचना अर्थातच तिच्यासाठी करायची, पण १.३३ चा पूर्ण भागही सांभाळायचा.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा माझ्या मते हाच. त्यातली दोन क्रियापदं वेगवेगळ्या कामांची आहेत. रचना करणं म्हणजे माणूस कुठे उभा राहील, डोक्यावर किती मोकळी जागा राहील, दाराची कड कुठे येईल हे ठरवणं. सांभाळणं म्हणजे त्या पलीकडच्या भागात माइकचा दांडा, दिवा, सेटची उघडी कड येऊ न देणं. एक काम चित्र घडवण्याचं, दुसरं चूक टाळण्याचं. हा चित्रपट पुढे टीव्हीवर जाणार, तिथे चौकोनी पडदा असणार, हे कुब्रिकला ठाऊक होतं. त्यानं दोन्हींची सोय केली, पण दोन्हींना सारखं स्थान दिलं नाही.

सावलीचा उलगडाही इथेच होतो. स्टुडिओत उभारलेल्या सेटवर वरचा-खालचा भाग सांभाळणं जमतं. माणसं असतात, पुन्हा टेक घेता येतो. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या डोंगरात, उडत्या हेलिकॉप्टरमधून, ऊन जिकडून येईल तिकडून घेताना तो भाग प्रत्येक क्षणी स्वच्छ राहणं अवघड. मुख्य चौकट सांभाळली गेली, राखीव भागात एक सावली शिरली. जिच्याकडे जास्त लक्ष होतं ती चौकट कोणती, हे त्या कोपऱ्यातून कळतं. सावली मुद्दाम ठेवली, तिच्यात गूढ अर्थ आहे, असंही काही जण मानतात. या चित्रपटाभोवती असे बरेच तर्क आहेत. पण साधं कारण समोर असताना मला तिकडे जावंसं वाटत नाही.

याच हवाई चित्रणातले वापरात न आलेले काही तुकडे १९८२ च्या 'ब्लेड रनर'च्या शेवटाला लावले गेले. तो चित्रपट त्याहून पुष्कळ रुंद, २.३५ च्या आसपासच्या चौकटीतला. म्हणजे तिथे वरचं-खालचं आणखी छाटलं गेलं. त्याच उड्डाणांची चित्रफीत टीव्हीवर चौकोनी, थिएटरात रुंद आणि दुसऱ्याच चित्रपटात अतिरुंद झाली. निगेटिव्हवर किती उमटलंय यावरून चौकट ठरत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आठवणीचा पुरावा आणि कागदाचा पुरावा

आता व्हिटालींच्या साक्षीकडे. त्यांनी आयुष्य कुब्रिकच्या कामाला वाहिलं आणि मागाहून त्याच्या चित्रपटांच्या नव्या प्रती काढताना देखरेख केली. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण निष्ठा वेगळी, आठवण वेगळी.

२०११ साली 'बॅरी लिंडन'ची ब्लू-रे निघाली, १.७८ च्या चौकटीत. व्हिटाली या चित्रपटात स्वतः भूमिका करून गेलेले आणि ही चौकट बरोबर आहे असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. त्यानंतर लगेच कुब्रिकनं डिसेंबर १९७५ मध्ये थिएटरांतल्या प्रोजेक्टर चालकांना लिहिलेलं पत्र पुढे आलं. त्यात स्पष्ट होतं की चित्रपट १.६६ मध्ये दाखवावा आणि कोणत्याही परिस्थितीत १.७५ च्या पलीकडे चौकट नेऊ नये. २०१७ साली क्रायटेरियन या व्हिडिओ कंपनीनं काढलेली प्रत १.६६ मध्ये आली.

'बॅरी लिंडन' भयपट नाही, तरी या प्रकरणात त्याचा मोठा उपयोग आहे. जवळचा माणूस, प्रामाणिक माणूसही तीस-पस्तीस वर्षांनंतर चुकू शकतो. चित्रपट तयार होत असताना लिहिलेली ओळ आणि नंतर सांगितलेली आठवण यांत विरोध आला, तर ओळीला वजन द्यावं. 'द शायनिंग'च्या बाबतीत तर खरा विरोधही नाही. स्टोरीबोर्ड थिएटरबद्दल बोलतो, व्हिटाली टीव्हीबद्दल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गोंधळ झाला तो पुढे, टीव्हीबद्दलची इच्छा चित्रपटाची मूळ चौकट म्हणून सांगितली गेली तेव्हा.

ती इच्छा कोणत्या टीव्हीबद्दलची होती, हेही पाहायला हवं. कुब्रिक ७ मार्च १९९९ ला गेला. तोवर घरोघरी ४:३ चे, म्हणजे १.३३ चौकटीचे, काचेचे टीव्ही होते. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राच्या ४८० रेघा. त्यात १.८५ चं चित्र वर-खाली पट्ट्या ठेवून बसवलं, तर चित्राच्या वाट्याला येतात सुमारे ३४६. बाकीच्या १३४ रेघा नुसत्या काळ्या. आधीच लहान आणि धूसर असलेला पडदा आणखी बारीक होतो, दूरच्या माणसाचा चेहरा नुसता ठिपका होतो. एवढा काटेकोर दिग्दर्शक तिथे 'पट्ट्या नकोत, राखीव भाग उघडा' म्हणाला, तर ते मला पटतं. त्यासाठीच तर तो भाग सांभाळून ठेवलेला होता. पण हा निर्णय त्या पेटीसाठी होता. पेटी बदलली आणि निर्णयामागचं कारण संपलं.

चित्राला विचारून पाहू

कागद बाजूला ठेवून चित्राकडेही गेलं पाहिजे, कारण काही वेळा चित्र कागदाला खोटं पाडतं. पट्ट्या लावून आणि काढून मी पूर्ण चित्रपट दोनदा पाहिला. काही जागांवर थांबलो.

फुलाफुलांच्या भिंतीच्या अरुंद मार्गिकेत निळ्या फ्रॉकमधल्या दोन मुली उभ्या असतात, ते दृश्य. पट्ट्या काढल्या की वर छताचा आणि खाली गालिच्याचा मोठा तुकडा मिळतो. मार्गिका खोल वाटते, मुली दूर वाटतात. पट्ट्या लावल्या की छत खाली येतं, दोन्ही बाजूंच्या भिंती मिटत आल्यासारख्या होतात आणि नजरेला त्या दोघींशिवाय दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. मुलींचा आकार दोन्हीकडे तोच आहे, सेंटीमीटरभरही फरक नाही. तरी भीतीत फरक पडतो.

कोठीत कोंडलेला जॅक दाराला टेकून बोलतो, कॅमेरा थेट खालून त्याच्या तोंडाकडे बघतो. पूर्ण चौकटीत हे दृश्य सैल वाटतं. पट्ट्या लावल्यावर चेहरा, हात आणि दार एकमेकांवर दाटतात. इथे मला कसलीच शंका उरली नाही.

उलट अनुभव आला तो दिवाणखान्यात. तिथे पट्ट्या लावल्यावर मला काहीतरी गमावल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. त्या दालनाची उंची कमी झाली. एका दृश्यावरून निकाल फिरवावा इतकं ते मोठं नाही, पण पूर्ण चौकटीचे चाहते या दृश्याचा दाखला देतात तेव्हा ते हवेत बोलत नसतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. रुंद चौकटीत चेहऱ्यांवरची मोकळी जागा बहुतेक ठिकाणी बेताची राहते, कपाळ कापलं जात नाही, हनुवटी कापली जात नाही. रचना १.३३ साठी असती आणि १.८५ नंतर लादली असती, तर दर दोन-चार मिनिटांनी एखादं डोकं छाटलेलं दिसलं असतं. जुन्या, १९५३ पूर्वीच्या भयपटांवर रुंद चौकट लादली की नेमकं तसंच होतं. 'द शायनिंग' ही परीक्षा सहज पार करतो.

१९८० ची थिएटरंही ध्यानात घ्यावीत. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुसंख्य थिएटरांत १.३७ दाखवण्याची सोयच राहिली नव्हती. प्रोजेक्टरसाठी तशी धातूची पट्टी आणि तशी लेन्स नसायची. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर चौकोनी दिसणार नाही हे चित्रण सुरू होण्याआधीच सगळ्यांना माहीत होतं.

मधेच आलेली १.७८

२००७ साली ब्लू-रे, एचडी डीव्हीडी आणि नवी डीव्हीडी आली ती १६:९ मध्ये, म्हणजे १.७८. ही चौकट ना स्टोरीबोर्डची, ना निगेटिव्हची. ती नव्या टीव्हीची. पट्ट्या अजिबात नकोत म्हणून चित्राला उंचीत सुमारे ४ टक्के जास्त उघडलं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर नेमकी १.८५ ठेवली तर वर २१ आणि खाली २१ रेघा काळ्या राहतात. एवढ्यासाठी भांडावं असं मला वाटत नाही. पूर्वी पडद्याभोवतीच्या काळ्या कापडामुळे आणि प्रोजेक्टर चालकाच्या हातामुळे थिएटरात याहून जास्त फरक पडायचा. तरी तत्त्वाचा प्रश्न आहेच: ४:३ च्या काळात टीव्हीच्या आकारापुढे चौकट वाकवली म्हणून आपण बोललो, तर १६:९ पुढे ती थोडी वाकली तेही नोंदवून ठेवायला हवं.

निर्णय

माझ्यापुरता निकाल असा: 'द शायनिंग'ची चौकट १.८५. १.७८ चालेल. १.३३ ही दिग्दर्शकानं मान्य केलेली टीव्हीची आवृत्ती, तिला त्याच नावानं ठेवावं.

पण ती बाजारातून नाहीशी झाली हे मला बरं वाटत नाही. दोन्ही देणं अशक्य नव्हतं. 'द ईव्हिल डेड'ची २०१० ची ब्लू-रे चौकोनी आणि १.८५ अशा दोन्ही चौकटींत आली. तो चित्रपट १६ मिलिमीटरवर चित्रित झालेला, तिथे चौकोनी आकाराची बाजू तर आणखी भक्कम आहे. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या १९५७ च्या 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'ची वॉर्नर आर्काइव्हची २०२० ची प्रत १.८५, १.६६ आणि १.३७ अशा तीन चौकटी देते. तिथे अमेरिकेतलं प्रदर्शन, ब्रिटनमधलं प्रदर्शन आणि टीव्ही या तिन्हींचा इतिहास वेगळा आहे, म्हणून तो निर्णय शहाणपणाचा. 'द शायनिंग'ला हे भाग्य मिळालं नाही. २०१९ ची ४के प्रतही फक्त रुंद चौकटीतच आली. चौकोनी प्रतिमा नव्या दर्जाच्या स्कॅनमधून, दुसऱ्या डिस्कवर, 'टीव्हीसाठीची आवृत्ती' असं स्पष्ट लिहून मिळाली असती, तर दिवाणखान्याची ती उंची आणि कोपऱ्यातली ती सावलीही नीट जपली गेली असती.

तोवर ज्यांच्याकडे १९९९ किंवा २००१ ची डीव्हीडी आहे, त्यांनी ती टाकू नये. रुंद टीव्हीवर ती दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून चौकोनीच पाहावी, चित्र ओढून रुंद करू नये. तसं केलं की सगळी माणसं बुटकी होतात आणि ते कोणत्याच चौकटीत बसत नाही. थिएटरातल्या चौकटीच्या जवळपासचं काही पाहायचं असेल तर टीव्हीचा झूम वापरता येतो. तो वरचं-खालचं सारखंच छाटतो, रुंदी तशीच ठेवतो, आणि ४८० पैकी ३६० रेघा पडदाभर पसरतात. चित्र मऊ होतं, कडा विरघळतात, पण दोन मुली मार्गिकेच्या टोकाशी उभ्या राहतात तेव्हा छत खाली आलेलं असतं.